परिचर्या संशोधन आणि संदर्भांची संगणकीय वही

नर्सिंगच्या विद्यार्थिनींच्या संशोधन प्रकल्पात सर्वांत शेवटी आणि सर्वांत घाईने उरकला जाणारा भाग म्हणजे संदर्भसूची. प्रश्नावली तयार होते, माहिती गोळा होते, कोष्टके जुळतात, आणि छपाईच्या आदल्या रात्री नव्वद-शंभर संदर्भ एकाखाली एक टंकित करण्याचे काम सुरू होते. त्यात एखाद्या लेखाचे वर्ष राहून जाते, एखाद्याची पृष्ठसंख्या, तर एखादा लेख मजकुरात आहे पण सूचीत नाही असेही घडते. हे कष्ट वाचविणारी संगणकीय साधने गेली काही दशके उपलब्ध आहेत. त्यांपैकी काही पूर्णतः विनामूल्य आहेत. तरीही आपल्याकडे, विशेषतः जिल्हा पातळीवरच्या महाविद्यालयांत, त्यांचा वापर अद्याप म्हणावा तसा अंगवळणी पडलेला दिसत नाही.

भारतीय परिचर्या परिषदेच्या २०२१ च्या सुधारित अभ्यासक्रमात बी.एस्सी. नर्सिंगच्या सातव्या सत्रात संशोधन व संख्याशास्त्र हा विषय आहे. एम.एस्सी.ला तर स्वतंत्र लघुप्रबंधच सादर करावा लागतो. बुलडाण्यात २०२४ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाल्याने जिल्ह्यातील आरोग्यविषयक संशोधनाला पुढील काळात अधिक चालना मिळावी अशी अपेक्षा आहे. त्या दृष्टीने या साधनांचा परिचय येथे करून देत आहोत.

संदर्भ कशासाठी?

संदर्भ देणे हा केवळ परीक्षकांच्या समाधानासाठीचा उपचार नव्हे. लिहिलेल्या विधानामागचा पुरावा वाचणाऱ्याला स्वतः जाऊन पाहता यावा, एवढाच त्याचा हेतू असतो. परिचर्येत हा हेतू अधिकच गंभीर ठरतो, कारण येथील विधाने अखेर रुग्णाच्या खाटेपर्यंत पोचतात.

याचे एक उदाहरण प्रत्येक परिचारिकेला ठाऊक असावे असे आहे. जानेवारी १९८० मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन' या नियतकालिकात जेन पोर्टर व हर्शेल जिक यांचे अवघ्या पाच वाक्यांचे एक पत्र छापून आले. रुग्णालयात दाखल असताना अफूवर्गीय वेदनाशामक औषध किमान एकदा मिळालेल्या ११,८८२ रुग्णांच्या नोंदी तपासल्या असता, पूर्वी व्यसन नसलेल्यांमध्ये व्यसन जडल्याची केवळ चार उदाहरणे नीट नोंदलेली आढळली, असे त्यात म्हटले होते. रुग्णालयातील रुग्ण आणि तेथील देखरेखीखाली दिलेले औषध, एवढीच त्या पत्राची मर्यादा होती. पुढे हेच पत्र दीर्घकाळ घरी घ्यावयाच्या गोळ्यांच्या सुरक्षिततेचा पुरावा म्हणून उद्धृत होऊ लागले. २०१७ मध्ये त्याच नियतकालिकाने या पत्राच्या उद्धरणांची मोजदाद प्रसिद्ध केली. एकूण ६०८ लेखांत त्याचा संदर्भ आढळला. त्यांपैकी ७२.२ टक्के लेखांनी 'व्यसन क्वचितच जडते' याचा पुरावा म्हणून ते वापरले होते, आणि ८०.८ टक्के लेखांनी ते रुग्ण रुग्णालयात दाखल होते हे सांगितलेच नव्हते. अमेरिकेत अफूवर्गीय औषधांच्या व्यसनाचे संकट उभे राहण्यास ज्या गोष्टींचा हातभार लागला, त्यांत या निष्काळजी उद्धरणांचाही वाटा असल्याचे त्या लेखकांचे म्हणणे होते.

या शेकडो लेखांत त्या पत्राचे लेखक, वर्ष, खंड आणि पृष्ठ बिनचूक छापलेले असू शकेल. म्हणजे संदर्भ शुद्ध, पण त्यामागचे वाचन नाही. संदर्भ व्यवस्थापनाचे सॉफ्टवेअर यातले पहिले काम उत्तम करते, दुसरे मुळीच करीत नाही. या साधनांकडे पाहताना हा भेद सतत मनात ठेवावा लागतो.

कोणते सॉफ्टवेअर निवडावे?

या क्षेत्रात मुख्यतः तीन नावे कानी पडतात. 'एंडनोट' हे सर्वांत जुने, १९८० च्या दशकाअखेरीचे, आता क्लॅरिव्हेट या कंपनीच्या मालकीचे आणि विकत घ्यावे लागणारे. मोठ्या वैद्यकीय संस्थांत ते आढळते. महाविद्यालयाने परवाना घेतला असेल तर वापरावे. विद्यार्थिनीने पदरचे पैसे खर्चून घ्यावे असे त्यात काही नाही.

'मेंडेली' २००८ मध्ये आले व २०१३ मध्ये एल्सव्हियर या प्रकाशनसंस्थेने ते विकत घेतले. ते विनामूल्य आहे. मात्र त्याची जुनी 'मेंडेली डेस्कटॉप' ही आवृत्ती सप्टेंबर २०२२ पासून नव्याने उतरवून घेता येत नाही, आणि आता वापरावयाचे 'मेंडेली साइट' हे जोडसाधन वर्डच्या २०१६ किंवा त्यानंतरच्या आवृत्तीवरच चालते. ज्या प्रयोगशाळेतील संगणकांवर जुने वर्ड आहे तेथे अडचण येथूनच सुरू होते.

'झोटेरो' अमेरिकेतील जॉर्ज मेसन विद्यापीठाच्या इतिहास व नवमाध्यम केंद्राने २००६ मध्ये प्रथम उपलब्ध करून दिले. ते मुक्त स्रोत आहे, त्याला किंमत नाही, आणि वर्डप्रमाणेच विनामूल्य मिळणाऱ्या लिब्रेऑफिसमध्येही ते चालते. सर्व नोंदी आपल्या संगणकावरच साठत असल्याने इंटरनेट नसतानाही काम थांबत नाही. नोंदी कितीही असोत, त्या झोटेरोच्या सर्व्हरवर विनाशुल्क जुळवून ठेवता येतात. लेखांच्या पीडीएफ फाइलींसाठी मात्र ३०० एमबी एवढीच जागा फुकट मिळते. आमच्या मते आपल्या परिस्थितीत झोटेरो सर्वांत सोयीचे आहे, आणि पुढील विवेचन त्यालाच धरून आहे. तत्त्वे इतर दोन्ही साधनांना लागू पडतात. पाच-दहा संदर्भांच्या लहानशा निबंधासाठी तर काही स्थापित करण्याचीही गरज नाही. 'झोटेरोबिब' या संकेतस्थळावर तेवढे काम थेट होते.

एका लेखाची नोंद

उदाहरण विदर्भातलेच घेऊ. गडचिरोली जिल्ह्यातील घरोघरच्या नवजात बालसेवेवरील डॉ. अभय बंग, डॉ. राणी बंग व सहकाऱ्यांचा लेख 'लॅन्सेट'मध्ये डिसेंबर १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. आशा कार्यकर्तींमार्फत देशभर राबविल्या जाणाऱ्या घरपोच नवजात बालसेवेच्या मुळाशी हे काम आहे, त्यामुळे बालआरोग्यावरील कुठल्याही लघुप्रबंधात तो लेख येतोच. 'पबमेड' या अमेरिकी राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाच्या सूचीत, जी १९९७ पासून सर्वांना विनामूल्य खुली आहे, हा लेख उघडला की ब्राउझरच्या पट्टीवरील झोटेरोचे चिन्ह दाबावे. लेखक, शीर्षक, नियतकालिक, वर्ष १९९९, खंड ३५४, अंक ९१९४, पृष्ठे १९५५ ते ६१ ही सारी माहिती आपल्या संग्रहात येऊन बसते. लेख छापील स्वरूपात हाती असेल तर त्यावरील डीओआय क्रमांक किंवा पबमेडचा क्रमांक, म्हणजे पीएमआयडी, झोटेरोतील जादूच्या कांडीच्या चिन्हावर टिचकी मारून टाकावा. परिणाम तोच.

आयत्या आलेल्या या नोंदीवरून एकदा डोळा फिरवणे मात्र चुकवू नये. आद्याक्षरे विशेष तपासावीत. डॉ. अभय बंग हे सूचीत 'बंग ए. टी.' आणि डॉ. राणी बंग 'बंग आर. ए.' असे येतात. विंचूदंशावरील प्राझोसिन औषधाच्या उपयोगाबद्दल जगभर ओळखले जाणारे महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर हे 'बावस्कर एच. एस.', तर त्यांच्या सहलेखिका व पत्नी डॉ. प्रमोदिनी या 'बावस्कर पी. एच.' मराठी नावांच्या रीतीप्रमाणे मधले अक्षर पित्याचे किंवा पतीचे असते, आणि एकाच घरातील दोन संशोधक असले की त्या एका अक्षरावरच सारी ओळख टिकते. ते गळाले की दोन माणसे एक होतात, किंवा एका माणसाची दोन होतात. आपल्याकडे कागदोपत्री आडनाव आधी लिहिण्याची पद्धत असल्याने हाताने नोंद करताना आडनावाच्या रकान्यात नाव आणि नावाच्या रकान्यात आडनाव जाण्याचा प्रकारही नेहमीचाच.

शीर्षकातील मोठ्या अक्षरांचा प्रश्न त्याहून त्रासदायक. अनेक भारतीय नियतकालिकांच्या संकेतस्थळांवर लेखांची शीर्षके सबंध मोठ्या इंग्रजी अक्षरांत असतात आणि संग्रहात तशीच येतात. शीर्षकावर उजवी टिचकी देऊन 'सेंटेन्स केस' हा पर्याय निवडला की ती पुष्कळशी सुधारतात. विशेषनामांची पहिली अक्षरे मात्र पुन्हा हाताने मोठी करावी लागतात. हे काम नोंद आली त्याच दिवशी करावे. शंभर नोंदी साठल्यावर कुणी करीत नाही.

बुलडाणा : नाव एक, रूपे अनेक

संदर्भ व्यवस्थापनाची सुरुवात शोधापासून होते, आणि बुलडाणा जिल्ह्यावर काम करणाऱ्याला येथे एक खास अडचण भेटते. इंग्रजीत या जिल्ह्याचे नाव आज बहुधा 'डी'नंतर 'एच' घालून लिहिले जाते. परंतु २०११ च्या जनगणनेत, राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या जिल्हापत्रकात आणि १९१० च्या जुन्या गॅझेटियरमध्येही ते 'एच'विना आहे. मराठीतही 'बुलडाणा' व 'बुलढाणा' अशी दोन्ही रूपे प्रचलित आहेत. पबमेडवर एकाच स्पेलिंगने शोध घेतला तर दुसऱ्या स्पेलिंगचे लेख हाती लागत नाहीत, आणि 'या जिल्ह्यात पूर्वी असा अभ्यास झालेला नाही' हे वाक्य, जे प्रत्येक प्रस्तावनेत हटकून असते, ते चुकीच्या आधारावर उभे राहते. दोन्ही रूपे 'ऑर' शब्दाने जोडून शोधावीत. तालुक्यांची नावेही स्वतंत्रपणे शोधावीत, कारण शेगाव, खामगाव, मेहकर, लोणार यांची नावे शीर्षकात असून जिल्ह्याचे नाव कोठेच नसलेले लेखही असू शकतात. शोध कोणत्या दिवशी, कोणत्या शब्दांनी घेतला हे झोटेरोतच एका टिपणात लिहून ठेवले तर पुढे 'साहित्याचा आढावा' हे प्रकरण लिहिताना ते आयते उपयोगी पडते. सूचीत नोंदताना मात्र मूळ लेखातले स्पेलिंग जसे असेल तसेच ठेवावे. आपल्या आवडीप्रमाणे ते सुधारू नये.

यंत्राला न सापडणारी साधने

स्थानिक प्रश्नावर काम करणाऱ्याची खरी कसोटी येथे लागते. परदेशी नियतकालिकातील लेख एका टिचकीसरशी येतो. आपल्या जिल्ह्याविषयीची सर्वांत मोलाची माहिती मात्र ज्या कागदांत असते ते यंत्राला ओळखू येत नाहीत.

पूर्णा नदीच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्याचे उदाहरण घ्या. अमरावती, अकोला व बुलडाणा या जिल्ह्यांत पसरलेल्या या पट्ट्यात भूजल खारे आहे. आपल्याकडील संग्रामपूर, जळगाव जामोद या भागांत मूत्रपिंडविकारांची समस्या वर्षानुवर्षे चर्चेत आहे. एखाद्या विद्यार्थिनीने या भागातील मूत्रपिंडाच्या रुग्णांच्या घरगुती काळजीवर लघुप्रबंध करावयाचे ठरविले, तर डायलिसिसच्या परिचर्येवरील जागतिक लेख तिला पबमेडवर विपुल मिळतील. पाण्याची माहिती मात्र भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या व केंद्रीय भूजल मंडळाच्या अहवालांत, लोकसंख्येची माहिती जनगणनेत, आरोग्याची स्थिती कुटुंब आरोग्य पाहणीत, आणि गावकऱ्यांचे म्हणणे मराठी वृत्तपत्रांत. या सर्वांची नोंद हाताने करावी लागते.

अशा नोंदीत सर्वाधिक घोटाळा संस्था हीच लेखक असते तेव्हा होतो. कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या पाचव्या फेरीचा अहवाल मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेच्या नावे आहे. हे इंग्रजी नाव लेखकाच्या दोन रकान्यांत विभागले गेले तर 'सायन्सेस' हे आडनाव ठरते आणि उरलेल्या नावाची आद्याक्षरे होतात. छापील सूचीत मग न ओळखू येणारा एक गृहस्थ अवतरतो. झोटेरोत लेखकाच्या रकान्याशेजारी एकच रकाना करण्याचे छोटे बटण आहे. संस्थेचे नाव नेहमी त्या एकेरी रकान्यात भरावे. नोंदीचा प्रकारही 'रिपोर्ट' असा निवडावा. 'वेब पेज' निवडल्यास अहवाल क्रमांक व प्रकाशनस्थळ यांना जागाच राहत नाही.

मराठी साधनांचा आणखी एक प्रश्न आहे तो टंकांचा. जुने शासकीय अहवाल व प्रबंध अनेकदा युनिकोडपूर्व टंकांत तयार झालेले असतात. त्यातील शीर्षक उचलून झोटेरोत चिकटविले तर निव्वळ चिन्हांची खिचडी उमटते. ते शीर्षक युनिकोडमध्ये नव्याने टंकित करणे हाच सरळ उपाय. लघुप्रबंध इंग्रजीत असेल तर मराठी शीर्षक कसे द्यावे, हे प्रत्येक शैलीत वेगळे आहे. एपीए पद्धतीत मूळ शीर्षक रोमन लिपीत देऊन चौकटी कंसात त्याचे भाषांतर देतात, तर राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाच्या रीतीत चौकटी कंसातील भाषांतर आणि अखेरीस भाषेचा उल्लेख असतो. झोटेरो हे आपोआप करीत नाही. शीर्षकाच्या रकान्यातच तसे लिहून ठेवावे लागते.

वृत्तपत्रांतील मजकुराबाबत तारखेचे महत्त्व किती असते, हे जिल्ह्याने २०२५ च्या प्रारंभी अनुभवले. शेगाव तालुक्यातील बोंडगाव, कालवड, हिंगणा आदी गावांत अचानक केसगळतीचे रुग्ण आढळू लागले. प्रथम पाण्यावर संशय घेतला गेला, बुरशीजन्य संसर्गाची शक्यता बोलली गेली, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे पथक येऊन नमुने घेऊन गेले, आणि फेब्रुवारीत डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी स्वस्त धान्य दुकानातील गव्हातील सेलेनियमच्या अतिरिक्त प्रमाणाकडे लक्ष वेधले. या काळातील बातम्या एकापाठोपाठ ठेवून वाचल्या तर कारण दर काही दिवसांनी बदललेले दिसते. त्या त्या दिवशी त्या बातम्या खऱ्याच होत्या. परंतु उद्या या घटनेवर सामुदायिक आरोग्य परिचर्येच्या अंगाने लिहिणारी विद्यार्थिनी केवळ 'वृत्तपत्र, २०२५' एवढेच नोंदवील तर तिने कोणत्या टप्प्यावरचे कारण उचलले आहे हे परीक्षकाला कळणार नाही. म्हणून बातमीची पूर्ण तारीख, आवृत्ती आणि संकेतस्थळ पाहिल्याची तारीख हे तिन्ही भरावे. बातमी ही घटना घडल्याचा व लोक काय म्हणत होते याचा पुरावा आहे, रोगाच्या कारणाचा नव्हे, हेही विसरू नये. वृत्तपत्रांची जुनी पाने संकेतस्थळांवरून नाहीशी होतात, हा अनुभव सर्वांनाच आहे. झोटेरो पान जतन करताना त्याची एक प्रत आपल्या संगणकावर घेऊन ठेवते, आणि केवळ या एका सोयीसाठीही ते वापरण्याजोगे आहे.

वाचलेले आणि न वाचलेले

संग्रहात तीनशे नोंदी झाल्या म्हणजे तीनशे लेख वाचून झाले असे नाही. म्हणून प्रत्येक नोंदीला एक खूण द्यावी : 'पूर्ण वाचला', 'केवळ सारांश', 'पाहिला नाही'. झोटेरोत या खुणा रंगांसह देता येतात. अंतिम सूचीत 'पाहिला नाही' अशी खूण असलेला एकही लेख जाऊ नये, आणि केवळ सारांश वाचलेल्या लेखाच्या आधारे शुश्रूषेची कृती सुचवू नये, हा नियम स्वतःशी पाळता येतो.

टिपणेही नेमकी असावीत. गडचिरोलीच्या त्याच लेखाबद्दल 'घरपोच सेवेने नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले' असे टिपण ठेवले, तर पोर्टर-जिक प्रकरणाची ती लहानशी पुनरावृत्तीच होईल. ती घट प्रकल्पाच्या तिसऱ्या वर्षातील, सेवा नसलेल्या तुलनेच्या गावांच्या मानाने काढलेली आणि प्रशिक्षित गावपातळीच्या कार्यकर्तींनी जंतुसंसर्गावर औषधोपचार केले त्या व्यवस्थेतील आहे. आकड्याबरोबर हे सर्व आणि पृष्ठक्रमांक टिपणात हवा. झोटेरोच्या आतच पीडीएफ उघडून वाक्य अधोरेखित केले की पृष्ठक्रमांकासह टिपण आपोआप तयार होते. मग आळसाला सबब उरत नाही.

दुसऱ्याच्या प्रबंधातील संदर्भसूची उचलून आपल्या सूचीत भरण्याची प्रथा तर सर्वश्रुत आहे. 'शोधगंगा'सारख्या संग्रहांमुळे जुने प्रबंध सहज पाहता येतात, ही चांगली गोष्ट. पण त्यांतील संदर्भ हा वाटाड्या समजावा. मूळ लेख शोधावा, वाचावा, मगच आपला म्हणावा. मूळ लेख मिळालाच नाही तर ज्याच्याकडून माहिती घेतली त्याचेच नाव द्यावे.

मागे घेतलेले लेख आणि अस्तित्वातच नसलेले

प्रसिद्ध झालेला प्रत्येक लेख टिकतोच असे नाही. लसीकरण व स्वमग्नता यांचा संबंध सुचविणारा 'लॅन्सेट'मधील १९९८ चा लेख २०१० मध्ये मागे घेण्यात आला. करोनाच्या काळातील प्रकरण तर परिचारिकांच्या अगदी जवळचे. मार्च २०२० मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने आरोग्य कर्मचाऱ्यांना प्रतिबंधक म्हणून हायड्रॉक्सिक्लोरोक्विन सुचविले होते. २२ मे रोजी 'लॅन्सेट'ने हे औषध रुग्णांना घातक ठरत असल्याचे सांगणारा एक मोठा अभ्यास छापला, आणि ४ जून रोजी तो मागे घेतला गेला, कारण त्याच्या मूळ आकडेवारीची शहानिशा होऊ शकली नाही. अवघ्या तेरा दिवसांत त्याची पीडीएफ किती संगणकांवर उतरली असेल! ती आजही तेथे आहे, आणि फाइलीला स्वतःहून कळत नाही की आपण रद्द झालो आहोत.

झोटेरोत २०१९ पासून 'रिट्रॅक्शन वॉच' या नोंदसंग्रहाशी पडताळणीची सोय आहे. संग्रहातील एखादा लेख मागे घेतला गेला असेल तर त्यावर ठळक इशारा दिसतो. तो लेख उद्धृत करू गेल्यास पुन्हा विचारणा होते. मात्र ही पडताळणी डीओआय किंवा पीएमआयडी यांवर चालते. हाताने, क्रमांकाविना केलेल्या नोंदीला हे संरक्षण नाही.

अलीकडे यात नवी भर पडली आहे. चॅटजीपीटीसारखी साधने २०२२ च्या अखेरीपासून सर्रास वापरात आली आणि त्यांच्याकडून मिळालेल्या संदर्भांत कधीच न लिहिले गेलेले लेखही आढळू लागले. लेखक खरे, नियतकालिक खरे, वर्ष पटण्याजोगे, आणि लेख मात्र नाही. अशा सूचीवर सोपा उपाय म्हणजे प्रत्येक डीओआय झोटेरोत टाकून पाहणे. क्रमांक बनावट असेल तर नोंद तयारच होत नाही. काही वेळा क्रमांक खरा पण भलत्याच लेखाचा निघतो. म्हणून आलेले शीर्षक अपेक्षित शीर्षकाशी ताडून पाहावे. विद्यार्थिनीचा मसुदा हाती आल्यावर मार्गदर्शकांनी दहा संदर्भ असे तपासले तरी बरेच काही उघड होईल.

लेखनाच्या वेळी

वैद्यकीय क्षेत्रात दोन शैली मुख्य आहेत. १९७८ मध्ये कॅनडातील व्हँकुव्हर येथे काही वैद्यकीय नियतकालिकांचे संपादक एकत्र आले, आणि त्यातून मजकुरात क्रमांक देण्याची पद्धत रूढ झाली. तिला व्हँकुव्हर शैली म्हणतात. दुसरी अमेरिकन मानसशास्त्र संघटनेची, लेखक व वर्ष देणारी एपीए शैली. तिची सातवी आवृत्ती २०१९ ची आहे. आपल्या महाविद्यालयाला कोणती हवी हे विषय मंजूर होताच लेखी विचारून घ्यावे. अर्थात नंतर बदल सांगितला गेला तरी घाबरण्याचे कारण नाही. झोटेरोत शैली बदलली की संपूर्ण दस्तऐवज क्षणात नव्या रूपात येतो. व्हँकुव्हर शैलीत सातव्या क्रमांकाच्या जागी नवा संदर्भ घातला की पुढचे सारे क्रमांक हाताने बदलण्याची जी यातना असे, ती यामुळे संपली. नियतकालिकांची संक्षिप्त नावे हवी असल्यास शैली निवडण्याच्या चौकटीत मेडलाइनच्या संक्षेपांचा पर्याय आहे.

वर्डमध्ये तयार झालेली सूची हाताने दुरुस्त करू नये. पुढच्या वेळी ती ताजी होताच आपली दुरुस्ती पुसली जाते. चूक संग्रहातील नोंदीत सुधारावी, दस्तऐवजात ती आपोआप उतरते. अंतिम छपाईपूर्वी फाइलीची वेगळी प्रत काढून त्या प्रतीतच 'अनलिंक सायटेशन्स' हा पर्याय वापरावा आणि मूळ फाइल जिवंत ठेवावी, कारण परीक्षकांच्या सूचना त्यानंतरच येतात. गटाने प्रकल्प करणाऱ्या विद्यार्थिनींनी झोटेरोवर गट तयार केल्यास सर्वांना एकच संग्रह वापरता येतो.

वाङ्मयचौर्याच्या तपासणीबद्दलही गैरसमज आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांत १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही आणि संदर्भसूची त्या मोजणीतून वगळली जाते. तेव्हा टक्केवारी वाढेल या भीतीने संदर्भ कमी करण्यात अर्थ नाही. आपल्या विद्यापीठाचा स्वतःचा नियम मात्र पाहून घ्यावा. संदर्भ दिला म्हणून दुसऱ्याचा परिच्छेद जसाच्या तसा उचलण्याची मोकळीक मिळते असेही नाही.

राहिला प्रश्न जतनाचा. महाविद्यालयातील सामायिक संगणकावर काम करणाऱ्यांनी आठवड्यातून एकदा झोटेरो बंद करून त्याचा संपूर्ण फोल्डर पेनड्राइव्हवर घ्यावा. तो फोल्डर गुगल ड्राइव्हसारख्या आपोआप जुळणाऱ्या जागी ठेवू नये, त्यात माहिती बिघडण्याचा धोका असतो. आणि लघुप्रबंध सादर करताना छापील प्रतीसोबत संग्रहाची आरआयएस स्वरूपातील फाइल ग्रंथालयात द्यावी. ही फाइल एंडनोट, मेंडेली, झोटेरो या तिन्हींत उघडते. खारपाणपट्ट्याचे अहवाल, जिल्हापत्रके, तारखांसह नोंदलेल्या मराठी बातम्या अशा हाताने भरलेल्या नोंदी पुढच्या वर्षीच्या विद्यार्थिनीला त्यामुळे पुन्हा पहिल्यापासून भराव्या लागत नाहीत, आणि ग्रंथपालांनी या फाइली वर्षवार एकत्र ठेवल्या तर काही वर्षांत जिल्ह्याच्या आरोग्यविषयक साहित्याची सूची तेथेच तयार होईल.